गालबोट

शाल पांघरून माणसाला गप्प करण्याची सोय आपल्याकडे फार चांगली आहे. खांद्यावर ऊब, हातात नारळ, समोर टाळ्या. एवढं झाल्यावर भांडायला कुणाला तोंड उरत नाही. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्यासाठीही शाल आणली होती. मी नको म्हटलं. लोकांना तो विनय वाटला आणि माझ्या विनयावर दोन भाषणं झाली. विनय कसला? ती शाल अंगावर पडताच मी चारचौघांत उलटी करून पाहिली असती, एवढीच भीती होती. ही सवय मला एका बाईंनी लावली. त्यांना शाळेतून घालवण्याच्या कामात माझाही हात होता. हात म्हणजे अगदी हातच. बोटं, नखं, सुई, सगळं.

शाळा नागपुरातली, मुलींची, नावाजलेली. काळ सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचा. मी मराठी शिकवायची आणि त्या शिवण. मूळच्या पंजाबातल्या. नवरा रेल्वेत होता, त्याच्या बदलीनं अजनीच्या क्वार्टरमध्ये आल्या. तो गेला, क्वार्टर सुटलं, नागपूर काही सुटलं नाही. जरीपटक्याला एका खोलीत राहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलींना सांगितलं होतं, मले बीजी म्हना. बीजी म्हणजे त्यांच्याकडे आई. शाळेत 'बाई'च म्हटलं पाहिजे असा मुख्य बाईंचा हुकूम. त्यामुळे मुली मुख्य बाईंच्या तोंडावर 'बाई' म्हणत आणि त्यांची पाठ वळली की 'बीजी'. मीही बीजीच म्हणायचे.

उंच, हाडापेरानं रुंद, आणि कायम कुणावर तरी चिडलेल्या. शाळेत साडीची सक्ती होती म्हणून साडी नेसत, पण ती वस्तू आपली नव्हे, कुणीतरी सांभाळायला दिली आहे, अशा चालीनं चालत. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. कमरेला नाडीनं बांधलेली कात्री. ही कात्री प्रार्थनेच्या वेळीही सुटायची नाही. एकदा मुख्य बाईंनी विचारलं, "प्रार्थनेला कात्री कशाला?" तर म्हणाल्या, "देवाच्या कामात गाठ निघाली त?"

त्यांचं मराठी हा स्टाफरूमचा करमणुकीचा विषय होता. मराठी त्या कुठल्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. भांडी घासणाऱ्या बाईकडून आणि संत्रीवाल्यांकडून शिकल्या होत्या. बाईमाणसाला हाक मारायचं पंजाबीतलं 'नी' आणि वऱ्हाडातलं 'वं' त्या एकाच वाक्याच्या दोन टोकांना लावत. माझी त्यांची ओळखच तशी झाली. मी नवी, स्टाफरूममध्ये अंग चोरून बसलेली. त्या आल्या, नमस्कार नाही, चमत्कार नाही, माझ्या पदराचं टोक उचललं, उलटं केलं आणि डोळ्यांजवळ नेलं.

"नी, हे कुठून घेतलं वं?"

"सीताबर्डीवरून."

"फसली तू."

आणि पदर माझ्या मांडीवर टाकून निघून गेल्या.

मी त्यांची भाषा सुधारायचं मनावर घेतलं होतं. तेव्हा मी सगळ्यांचीच सुधारायचे. वह्या, निमंत्रणपत्रिका, फळ्यावरचे सुविचार, दुकानांच्या पाट्या. लाल शाईची बाटली महिनाभर पुरत नसे. "बीजी, 'मले' नाही, 'मला'," मी म्हणायची.

"'मले'मंधी काय कमी आहे? तुले समजलं नाही काय?"

"समजलं."

"मंग काहून मेहनत करून राहिली?"

याला व्याकरणात उत्तर नाही. मी तरी शोधत राहिले.

उलटी बाजू पाहणं हा त्यांचा धर्मच होता. इतवारीतले कापडवाले त्यांना पाहून ठाण आधीच उलटं टाकत. ताटात पोळी आली तरी त्या एकदा उलटून पाहत. स्टाफरूममध्ये संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा फोटो होता, हार घातलेला. गृहस्थ हयात होते, तरीही. बीजींनी एका दुपारी तो खिळ्यावरून काढला आणि पाठ पाहिली. खिळे निघालेले होते, पुठ्ठा सैल होता. त्यांनी पुठ्ठा सरकवला. आत आधीचे अध्यक्ष निघाले. त्यांच्यामागे त्यांच्याही आधीचे. एका चौकटीत तीन अध्यक्ष, एकमेकांच्या पाठीला नाक लावून. आम्ही हसून हसून बेजार झालो. बीजी हसल्या नाहीत. फोटो परत टांगत म्हणाल्या, "काच त साफ करत जा. चौथा येईन तवा घाण दिसन."

ही गोष्ट कार्यवाहांपर्यंत पोचली. कार्यवाह म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा. सफेद पॅन्ट, सफेद शर्ट, सफेद बूट, आणि बोलताना प्रत्येक वाक्यात 'आपली संस्था'. ते फोटोचं प्रकरण गिळून गेले असते. त्यांच्या पुतणीचं प्रकरण मात्र त्यांच्या घशात अडकलं. नववीच्या परीक्षेला पुतणीनं भरतकामाचा मोर दिला होता. देखणा मोर. बीजींनी तो उलटा केला. मागे गाठींचं रान. एका रंगाचा दोरा संपला की गाठ, दुसरा सुरू केला की गाठ. आणि पुतणीला सुईत दोरा ओवता येत नाही हे वर्गाला ठाऊक होतं. बीजींनी शून्य दिलं.

कार्यवाह स्वतः शिवणाच्या वर्गात आले. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होते. दोन्ही वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पार्टिशन होतं.

"बाई, मोर सुंदर आहे."

"समोरून आहे."

"अहो, मोर समोरूनच बघतात!"

"तुम्ही पाहता. मी मांगून पाहतो."

शून्याचं काही अठ्ठावीस-तीस झालं नाही. झालं ते वेगळंच. आतापर्यंत जे आळसानं राहिलं होतं ते आता ठरवून राहू लागलं.

ते म्हणजे बीजींची नोकरी. त्या अकरा वर्षं 'तात्पुरत्या' होत्या. शिवणाचा डिप्लोमा नाही, हे कारण. दर एप्रिलच्या शेवटी त्यांना मोकळं करायचे आणि जूनमध्ये नवा कागद हातात द्यायचे. अकरा एप्रिल, अकरा जून. विषय निघाला की मुख्य बाई म्हणायच्या, "औपचारिकता आहे हो." औपचारिकता हा शब्द आम्ही अशाच कामांसाठी राखून ठेवला आहे.

त्यांच्या खोलीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा खिडकीला पडदा नव्हता. रस्त्यावरची माणसं, सायकली, एक बकरी, सगळे आत पाहत जात होते. शिवणाच्या बाईंच्या खिडकीला पडदा नसावा याचं मला हसू आलं.

"कायम झाल्यावर लावतो," त्या म्हणाल्या. "आता लावला आनं एप्रिलात जा म्हनलं, त कोनत्या खिडकीच्या मापाचा?"

अकरा वर्षं ही बाई उघड्या खिडकीत कपडे बदलताना दिवा घालवत होती.

मग शाळेचा रौप्यमहोत्सव आला. मुंबईहून एका मंत्र्यांच्या पत्नी प्रमुख पाहुण्या म्हणून येणार होत्या. बाजारातली शाल देणं कार्यवाहांना कमीपणाचं वाटलं. त्यांना 'आगळंवेगळं' हवं होतं. दिवाळीच्या सुटीआधी त्यांनी बीजींना बोलावून घेतलं आणि तो सगळा राग कुठे गेला असं वाटावं इतक्या मऊ आवाजात सांगितलं, "तुमच्या पंजाबातलं ते फुलांचं काम असतं ना, तशी एक लोकरी शाल आपल्या संस्थेसाठी करा. मग तुमच्या कायमचं मी स्वतः बघतो."

बीजी बाहेर आल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, "फुलकारी म्हनते त्याले. त्या मान्साले नावबी नाही माहीत. पन करीन."

लोकरीवर ते काम करायचं म्हणजे शिक्षाच, हे मला नंतर कळलं. खरी फुलकारी जाड्याभरड्या सुती कापडावर करतात. तिथे ताणा-बाणा मोजता येतो. नक्षी आधी काढून घ्यायची नाही, छापायची नाही. कापडाचे धागे मोजत जायचं आणि तेवढ्यावरच फूल उभं करायचं. लोकरीचे धागे हलतात. "लोकर म्हंजे जत्रेतलं पोर," बीजी म्हणत. "हात सोडला का गेलं." त्यांनी मरून रंगाची, विणीची जरा उघडी अशी पातळ लोकर कुठून तरी मिळवली. रुंदी दोन वितींहून थोडी जास्त, गळ्याभोवती टाकायच्या मापाची. वर भरायला पिळाशिवायचं रेशीम, हळदीच्या आणि संत्र्याच्या सालीच्या मधला रंग. तो दोरा इतका हलका की बोटाला जरा भेग असली तरी अडकायचा. म्हणून त्या चार महिने हातांना रोज दुधाची साय लावत. चहात साय मागायच्या, आणि बोटांना चोळायच्या. कॅन्टीनवाला वैतागला.

रिकाम्या तासाला त्या मागच्या व्हरांड्यातल्या उन्हात बसत. मी वह्या घेऊन शेजारी. कापड मांडीवर पालथं घातलेलं. सुई मागून चालायची. मागच्या बाजूला एकच धागा उचलायचा, पुढे लांब टाका पडायचा. म्हणजे काम करताना त्यांना दिसायची ती फक्त पाठ. फुलं खाली, त्यांच्या मांडीच्या बाजूला उमलत असायची. तासातासानं त्या कापड उलटवत नसत. मीच अधूनमधून टोक उचलून पाहायची. चौकोनात चौकोन, त्यात कळी, कळीच्या दोन अंगांना टाके वेगवेगळ्या दिशेनं गेलेले. त्यामुळे एकाच रंगाचे दोन रंग दिसायचे, उन्हात एक, सावलीत एक. आणि गाठ एकही नाही. दोरा संपला की शेपूट मागच्या टाक्यांखाली दडवायचं. त्यांच्या वर्गातली पाचवीतली मुलगीसुद्धा सांगेल, बीजींकडे गाठ चालत नाही.

डिसेंबर संपत आला तेव्हा एका कोपऱ्यात मला जांभळं फूल दिसलं. शंभरभर पिवळ्या फुलांत एक जांभळं.

"बीजी, रंग चुकला."

"चुकला नाही. चुकवला."

"का?"

"सारंच चांगलं नसते करायचं. नजर लागते. एक फूल अलग टाकाचं. पाहनाऱ्याचा डोळा तिथं अडकते, मंग बाकीच्यावर नाही पडत."

"कुणाची नजर?"

"पहिली त माहीच लागंल," त्या म्हणाल्या, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसल्या. मग सुई थांबवून म्हणाल्या, "जिच्या आंगावर जाईन ना, तिच्यासाठी आहे ते. बाकी फुलं शाळेची. हे एक त्या बाईचं."

मी म्हटलं, ही अंधश्रद्धा आहे. मी त्या काळी अंधश्रद्धेच्या विरोधात होते. आमच्यातले पुष्कळ जण होते, आणि सगळे पुस्तकं वाचून झाले होते.

"असन," बीजी म्हणाल्या, आणि पुढचे धागे मोजू लागल्या.

समारंभ सोमवारी होता. शुक्रवारी त्यांनी शाल मुख्य बाईंच्या हातात दिली. शनिवारी शाळा सुटल्यावर मला केबिनमध्ये बोलावणं आलं. टेबलावर शाल पसरलेली, आणि कार्यवाहांचं बोट जांभळ्या फुलावर.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, नजर, डोळा अडकणं, सगळं. सांगताना माझ्या आवाजात थोडी गंमत होती. ती गंमत मला आजही ऐकू येते.

"अंधश्रद्धा!" कार्यवाह म्हणाले. "आपली संस्था पुरोगामी आहे." निमंत्रणपत्रिकेवर उद्घाटनाची वेळ नऊ वाजून अकरा मिनिटं छापली होती. ती बहुधा पुरोगामी पंचांगातली असावी. आणि शालीबरोबर द्यायचा नारळ शेंडी राखून सोलून मुख्य बाईंच्या कपाटात तयार होता. "पाहुण्या म्हणतील, यांना साधी शाल धड करता येत नाही. ही चूक दुरुस्त करून घ्या. नाहीतर बाईंची ऑर्डर माझ्यापुढे सहीला येईल तेव्हा मला विचार करावा लागेल."

ते गेल्यावर मुख्य बाई म्हणाल्या, "त्यांना सांगू नका हं, त्या ऐकायच्या नाहीत. तुम्हाला येतं ना थोडं भरतकाम? त्यांच्याच भल्यासाठी."

मला नाही म्हणता आलं असतं. 'येत नाही' एवढं खोटं बोलले असते तरी पुरलं असतं. मी इतर वेळी खोटं बोलत नसे असं नाही. पण मला खरोखरच वाटलं, एका फुलासाठी या बाईंचा जन्माचा पडदा अडू नये. हेही खरं, आणि मनात कुठेतरी ते जांभळं फूल मलाही खुपत होतं, हेही खरं. लाल शाई घेऊन बसलेल्या माणसाला ओळीत एक वेगळं अक्षर सहन होत नाही.

शिवणाच्या कपाटातून मी पिवळं रेशीम घेतलं. रविवारी दुपारी धरमपेठेतल्या माझ्या खोलीत ते फूल उसवलं. चार महिन्यांच्या कामातला एक तुकडा उसवायला वीस मिनिटं लागली. मग भरलं. मागून भरायचं मला जमेना, म्हणून समोरून भरलं. शेजारच्या फुलाकडे पाहत पाहत, मुलं पाढे उतरवतात तसं. दोऱ्याचं शेपूट दडवायचं कसं ते पाहिलं होतं पण हाताला येईना. शेवटी मागे एक बारीक गाठ मारली. समोरून फरक कळत नव्हता. मला बरं वाटलं. प्रूफं तपासून झाल्यावर वाटतं तसं.

सोमवारी थंडी चांगली होती. मंडपात सतरंज्यांवर मुली, खुर्च्यांवर मान्यवर. मानपत्र मी लिहिलेलं, सूत्रसंचालन माझ्याकडे. बीजी तिसऱ्या रांगेत, धुतलेली साडी, कॅनव्हासच्या बुटांना खडू लावून पांढरे केलेले. कार्यवाहांनी पाहुण्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि मानपत्र वाचायला घेतलं. मी त्यांच्यापुढे माईक धरून उभी. मी पाहत होते. बीजी वाचन ऐकत नव्हत्या. त्यांचे डोळे शालीच्या कोपऱ्यावर होते. मान जरा पुढे गेली. मग उभ्या राहिल्या.

त्या बुटांचा आवाज होत नाही. त्या स्टेजवर चढल्या तेव्हा कार्यवाह तिसऱ्या परिच्छेदात होते. बीजींनी पाहुण्यांपुढे हात जोडले, "जी, माफ करना," म्हणाल्या, आणि शालीचा कोपरा उचलून उलटा केला.

"गाठ," त्या म्हणाल्या.

हळूच म्हणाल्या, पण माईक माझ्या हातात होता आणि मी जवळ उभी होते. मंडपभर ऐकू गेलं.

"गाठ कोनं मारली?"

समोर बसलेल्या चारशे मुलींनी आपापले हात पाहिले असावेत. बीजींनी कुणाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. त्या उत्तराची वाट पाहत होत्या. पुढे करायला माझ्या हातात माईक होता. मी तो खाली केला.

"बाई, खाली उतरा," कार्यवाह दातांतून म्हणाले.

"अहो, राहू द्या ना, छान आहे," पाहुण्या म्हणाल्या.

"छान नाही. दोन मिनट थांबा." बीजींनी कमरेची कात्री धरली, गाठ कापली, आणि माझं पिवळं फूल दोऱ्यादोऱ्यानं ओढून काढलं. दोन मिनिटं म्हणजे किती वेळ असतो हे मला त्या दिवशी कळलं. पाहुण्या खांदा पुढे करून स्तब्ध बसल्या होत्या, डॉक्टरपुढे बसावं तशा. सगळं निघाल्यावर तिथे एक चौकोनी मरून तुकडा उरला. बीजींनी शाल नीट पसरून पुन्हा त्यांच्या खांद्यावर टाकली.

"आता घाला. जांभळं नाही आता माह्यापाशी. पन कोरं चालते."

आणि उतरून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. कार्यवाहांनी वाचन जिथे तुटलं होतं तिथून सुरू केलं. पुढचा शब्द 'निष्कलंक' होता. तो मीच घातला होता. पाहुण्यांबद्दल एवढं सांगितलं पाहिजे की कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी ती शाल उतरवली नाही, आणि भाषण ऐकताना त्यांचं बोट त्या कोऱ्या चौकोनावरून फिरत होतं.

मंगळवारी सभा झाली. कागद मीच लिहावा असं ठरलं, कारण माझं मराठी चांगलं. मी लिहिला. 'आपल्या वर्तनामुळे संस्थेच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यास गालबोट लागले असून, आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता उरलेली नाही.' कार्यवाह म्हणाले, वा, नेमकं. मुख्य बाई म्हणाल्या, तुम्हीच नेऊन द्या, तुमचं जमतं त्यांच्याशी. शाळेत एवढा संताप येण्यासारखं घडत असताना मी काय केलं असेल? पत्रातला एक अनुस्वार तपासला, आणि सायकल काढली.

बीजींचं दार उघडंच होतं. खाटेवर एक कापड टाचण्या लावून पसरलेलं. खिडकीच्या मापाचं.

"या म्याडम," त्या म्हणाल्या. "बसा."

चार वर्षं त्या मला 'तू', 'वं', 'पोरी', क्वचित तेच पंजाबीत, 'नी कुडिये', म्हणत आल्या होत्या. मी उभीच राहिले आणि पाकीट पुढे केलं.

"मले शुद्ध मराठी जमत नाही वाचाले. तुम्हीच वाचा."

मी माझंच पत्र मोठ्यानं वाचलं. वर्गात वाचते तसं, विरामचिन्हं सांभाळून. दुसरं येतच नव्हतं. 'गालबोट' या शब्दापाशी त्यांनी हात वर केला.

"हे काय असते?"

"म्हणजे... चांगलं चाललेलं असताना मध्येच काहीतरी बिघडणं."

"त्याच्यात गालाचं काय आहे?"

शिकवणारीला अर्थ विचारला की अर्थ सांगावा लागतो. "लहान बाळ असतं ना बीजी. त्याच्या गालाला काजळाचं बोट लावतात. काळा ठिपका. नजर लागू नये म्हणून."

बाहेरून एक सायकलवाला आत पाहत गेला.

"आनं मी ते लावलं, असं लिवलं?"

"हो."

"कोनं लिवलं?"

"मी."

"गाठबी तुम्हीच मारली."

"हो."

"मंग बराबर लिवलं, म्याडम. लावलंच होतं मी. पुसलं तुम्ही."

पोच घ्यायची होती. कागदाची दुसरी प्रत मी पुढे केली आणि खाली सहीची जागा दाखवली. बीजींनी कागद घेतला, उलटा केला, खिडकीच्या उजेडात धरला. मागे कोरं होतं. तिथे, त्या कोऱ्या बाजूला, मधोमध, गुरुमुखीत सावकाश सही केली. मग खाटेवरच्या पडद्याच्या टाचण्या एकेक काढून डबीत टाकू लागल्या. मी निघाले तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कार्यवाहांनी तो कागद पाहिला.

"सही मागच्या बाजूला आहे," ते म्हणाले. "आणि कसल्या लिपीत आहे ही! जा, दुरुस्त करून आणा."

"ती चूक नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सांग म्हणाले असते तर मी पुन्हा सांगितलं असतं. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी कागद फायलीत ठेवला. राजीनामा वगैरे मी दिला नाही. जूनमध्ये शिवणाला दुसऱ्या बाई आल्या, डिप्लोमावाल्या. मी त्याच शाळेत आणखी तेवीस वर्षं शिकवलं. मी कायम होते.